अकरावीचं दार

“दादा, दहा कॉलेजं भरता येतात म्हणे. आपल्याकडं दहा आहेत तरी का?”

२०२५ चा मे महिना संपत आला होता. आष्टीहून चुलत बहिणीचा व्हिडिओ कॉल होता. दहावीला ८४ टक्के. मागं आजी उन्हात वाळवणावरच्या कोंबड्या हाकलत होती. मी पुण्यात ऑफिसच्या पँट्रीत उभा. तिला म्हटलं, “थांब, रात्री निवांत बसून यादी करू.” मी सॉफ्टवेअरवाला माणूस. रात्री बसून मी खरंच एक्सेल शीट केली: आष्टी, कडा, धामणगाव, नगर, बीड. अंतर, फी, निकाल, होस्टेल, सगळे रकाने पाडले. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या महाराष्ट्रात एकाच पोर्टलवरून होणार होते. मुंबई-पुण्याच्या पोरांना हे नवं नव्हतं. आष्टीला होतं.

त्या शीटवरून आमचं दोघांचं भांडण झालं. भांडणात ती बरोबर होती आणि मी चूक होतो, हे कळायला मला थोडा वेळ लागला. त्या वेळात मी एक प्रश्न घेऊन वाचत बसलो. दहावी आणि अकरावी यांच्यामध्ये दार नेमकं कुणी बसवलं? नववीतून दहावीत जाताना कुणी फॉर्म भरायला लावत नाही. मग इथंच का?

*

‘मॅट्रिक’ हा शब्द आपल्या आजोबांच्या पिढीनं इतका वापरला की तो मराठीच वाटतो. ‘नॉनमॅट्रिक’ तर चक्क शिवीसारखा वापरला जायचा. पण मूळ शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ यादी, नोंदवही, पट. मॅट्रिक्युलेशन म्हणजे पटावर नाव चढवणं. कुठल्या पटावर? विद्यापीठाच्या.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याच पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा शाळा संपल्याची नव्हती, ती विद्यापीठात शिरण्याची होती. पेपर विद्यापीठ काढायचं, तपासायचं विद्यापीठ, आणि कोण आत येणार हेही तेच ठरवायचं. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, ते फक्त चार: रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

म्हणजे दाराची पहिली चौकट वरून आली. शाळेनं काय शिकवावं, हे विद्यापीठाला काय हवं त्यावरून ठरू लागलं. ज्याला विद्यापीठात जायचंच नाही, ज्याला तलाठी व्हायचंय किंवा शेती करायची आहे, त्यानंही शेवटी तीच परीक्षा द्यायची. नोकरी देणारेही तेच विचारू लागले: मॅट्रिक आहे का?

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतानं १९४८ साली कायदा करून ही परीक्षा विद्यापीठाकडून काढली आणि मंडळाकडं दिली. नाव बदलून एस.एस.सी. झालं, माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र. ‘शालान्त’ म्हणजे शाळेचा शेवट. नाव बदललं म्हणजे हेतूही बदलायला हवा होता. आधी ते आत येण्याचं तिकीट होतं, आता ते बाहेर पडल्याचं प्रमाणपत्र झालं. व्यवहारात मात्र तेच प्रमाणपत्र तिकीट म्हणून चालत राहिलं. आपण आजही दहावीच्या मार्कशीटकडं ‘पोरगं काय शिकलं’ म्हणून बघत नाही. ‘कुठं लागेल’ म्हणून बघतो.

*

वरची गोष्ट ब्रिटिश मुलखाची झाली. आष्टी तिकडं नव्हती.

नकाशा उघडून पाहा. बीड जिल्ह्याचं पश्चिमेचं टोक नगर जिल्ह्यात घुसल्यासारखं दिसतं, ती आमची आष्टी. पलीकडं पाथर्डी, जामखेड, कर्जत. आज ही फक्त तालुक्यांची हद्द आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ती दोन राज्यांची हद्द होती. नगरकडची गावं इंग्रजांची, आष्टी निजामाची.

निजामानं १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू केलं. शिक्षणाचं माध्यम उर्दू. इंग्रजीऐवजी देशी भाषेत विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवणारं विद्यापीठ ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. पण मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या घरातल्या पोरांसाठी ती देशी भाषा त्यांची नव्हती. मराठवाड्यातल्या मुलाला अकरावीच्या दारापर्यंत पोचायच्या आधी भाषेचं दार ओलांडावं लागायचं. त्यातून पार झाला तरी पुढं कॉलेज कुठं? औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमिजिएट कॉलेज निघालं. त्यापुढचं शिकायचं तर हैदराबाद गाठायचं, नाहीतर हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात जायचं.

प्रवेश नाकारला जाणं म्हणजे काय, याचा मराठवाड्यातला सगळ्यात ठळक प्रसंग १९३८ चा आहे. ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली, विद्यार्थ्यांनी ती मोडली. औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादला उस्मानियात संप झाले. शेकडो विद्यार्थ्यांची नावं पटावरून कमी केली गेली. त्यांच्यासाठी दार उघडलं ते नागपूर विद्यापीठानं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या काढून टाकलेल्यांपैकीच एक. पटावर नाव असणं हा नुसता शैक्षणिक मामला नसतो, हे त्या पिढीला आपल्यापेक्षा चांगलं कळलं असणार.

माझे आजोबा त्या कॉलेजांपर्यंत कधी पोचलेच नाहीत. त्यांनी आधी उर्दूत पाढे पाठ केले, पोलीस ॲक्शननंतर मराठीत पुन्हा केले आणि सातवीला शाळा सोडली. म्हातारपणीसुद्धा हिशेब करताना त्यांच्या तोंडून मधूनच उर्दू आकडे यायचे. आम्ही पोरं हसायचो. आता वाटतं, ते आकडे म्हणजे त्यांच्या वाट्याला आलेली प्रवेशपात्रता होती. ती त्यांनी मिळवली होती, आणि ती मिळवून होईतो राज्यच बदललं.

स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू बदललं. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. ज्यांच्या घरात आधी कुणी शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता, अशी खेड्यापाड्यांतली पोरं तिथं आली. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. आमच्या बाजूला मात्र जवळचं शहर नगरच राहिलं. तिथं भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज सुरू केलं होतं. आष्टीची पोरं जिल्ह्याच्या गावाला पाठ करून नगरला जायची. अजूनही जातात. जाताना बोर्डही बदलतं: आष्टी छत्रपती संभाजीनगर विभागात, नगर पुणे विभागात. राज्यांची हद्द गेली, पण कागदावर तिची रेघ राहिलीच.

*

आता मूळ प्रश्न: दार दहावीनंतरच का?

शाळा किती वर्षांची असावी आणि विद्यापीठ कुठून सुरू व्हावं, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. १९१७ ते १९१९ च्या सॅडलर आयोगानं म्हटलं होतं की मॅट्रिक झालेलं पोर विद्यापीठासाठी लहान असतं. मधली दोन वर्षं वेगळी काढा, त्यासाठी वेगळी इंटरमिजिएट कॉलेजं काढा. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं विद्यापीठाआधी १२ वर्षांचं शिक्षण मागितलं. १९५२-५३ चा मुदलियार आयोग ११ वर्षांच्या उच्च माध्यमिक शाळेवर आला. प्रत्येक राज्यानं आपापल्या सोयीनं काहीतरी केलं. महाराष्ट्रात अकरावीला एस.एस.सी. आणि मग कॉलेजात एक वर्ष पी.यू.सी. किंवा प्री-डिग्री, असा प्रकार चालायचा.

मग १९६४ ते १९६६ चा कोठारी आयोग आला. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी, सदस्य-सचिव जे. पी. नाईक. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. १०+२+३ हे आज आपल्याला निसर्गनियम वाटणारं सूत्र देशभर पोचलं ते या आयोगामुळं आणि त्यानंतरच्या १९६८ च्या राष्ट्रीय धोरणामुळं.

महाराष्ट्रानं ते १९७५ मध्ये लागू केलं. त्या मार्चमध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली, अशा दोन शालान्त परीक्षा एकाच वर्षी झाल्या. जुनी पोरं कॉलेजकडं निघाली आणि नवी पोरं ‘अकरावी’ नावाच्या नव्याच गोष्टीकडं. बारावीची पहिली परीक्षा १९७७ ला झाली.

आयोगाचा रोख स्पष्ट होता: ही +२ वर्षं विद्यापीठांकडून काढा आणि शाळांकडं द्या. महाराष्ट्रानं मधला रस्ता काढला. काही हायस्कुलांना अकरावी-बारावीचे वर्ग दिले आणि पदवी कॉलेजांनाही. पी.यू.सी.चे वर्ग, प्रयोगशाळा, शिकवणारी माणसं तिथं होतीच. त्याला नाव पडलं ज्युनिअर कॉलेज, कनिष्ठ महाविद्यालय. १६ वर्षांच्या पोराला एका उन्हाळ्यात ‘कॉलेजकुमार’ करणारं हे नाव सगळ्यांना आवडलं. युनिफॉर्म गेला, डबा गेला, सायकलीची गाडी झाली.

माझ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. अकरावी त्याच शाळेत असती तर दहावीनंतर दार लागलंच नसतं, नुसता वर्ग बदलला असता. केंद्रीय बोर्डाच्या बऱ्याच शाळांत आजही तसंच होतं. आपल्याकडं जागा बदलते, संस्था बदलते, आणि म्हणून ‘प्रवेश’ घ्यावा लागतो. ज्या संस्थेची शाळाही आहे आणि कॉलेजही, तिथल्या पोरांसाठी ‘इनहाउस कोटा’ असतो. तो म्हणजे या मोडलेल्या सलगतेची उरलेली खूण आहे.

कोठारी आयोगानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, त्या आपण सोयीनं विसरलो. एक, +२ च्या टप्प्यावरची निम्मी पोरं व्यवसाय शिक्षणाकडं जावीत. महाराष्ट्रात त्यासाठी एम.सी.व्ही.सी. आलं, पण ‘ज्याला कुठं मिळालं नाही तो तिकडं’ अशीच त्याची ओळख झाली. दुसरी, शेजारशाळा. म्हणजे परिसरातल्या सगळ्या मुलांनी, कलेक्टरच्या आणि कोतवालाच्या, एकाच जवळच्या शाळेत जावं. आपण नेमकं उलटं केलं. टक्क्यांनुसार पोरं चाळून वेगवेगळ्या इमारतींत बसवली आणि त्याला गुणवत्ता म्हटलं. लातूरला १९७० मध्ये निघालेल्या राजर्षी शाहू कॉलेजातून पुढं ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला, तेव्हा मराठवाड्यातल्या प्रत्येक शिकल्या-सवरल्या घराला एक नवा पत्ता मिळाला. लातूरनं खेड्यातली पोरं डॉक्टर केली, यात शंका नाही. पण तेव्हापासून ‘आपल्या गावात अकरावी केली’ हे सांगायला पोरांना लाज वाटू लागली.

मलाही वाटायची.

*

मी २०१३ चा दहावी. त्या साली मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. आष्टी तालुक्यात ठिकठिकाणी चारा छावण्या होत्या, आमच्या दोन म्हशीही छावणीत होत्या. मी दहावीचा अभ्यास बऱ्यापैकी छावणीतच केला, कारण तिथं रात्री बल्ब असायचा. ९१ टक्के पडले. वडिलांनी ठरवलं, पोराला शहरात घालायचं.

कुठलं शहर, कुठलं कॉलेज, ते राहू द्या. आम्ही फॉर्म भरला. पहिल्या यादीत नाव नाही. धोका नको म्हणून वडिलांनी तालुक्यातल्या एका कॉलेजात माझा प्रवेश घेऊन ठेवला. तिथं शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा केला. आठवड्यानं शहरातल्या दुसऱ्या यादीत माझं नाव लागलं. आम्ही सकाळच्या एस.टी.नं गेलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, “ओरिजनल?” वडील म्हणाले, “साहेब, झेरॉक्स आहे, उद्या ओरिजनल आणतो.” तो म्हणाला, “उद्या रविवार. आणि यादीची मुदत आज दोनपर्यंत.” घड्याळात सव्वाबारा झाले होते. आष्टीला जाऊन यायला कमीत कमी चार तास.

परतीच्या एस.टी.त वडील काही बोलले नाहीत. कड्याच्या अलीकडं एकदाच म्हणाले, “दाखला आपल्याकडं ठेवायला पाहिजे होता.” जणू चूक त्यांचीच होती.

पुढं इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना ‘लॉक’ हा प्रकार आला. एकच किल्ली असते. ती ज्याच्याकडं असेल त्यालाच आत जाता येतं. दोघांनी एकाच वेळी एक जागा अडवू नये म्हणून ही सोय. मला एकदम तो मूळ दाखला आठवला. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा एका पोरानं दोन कॉलेजांत जागा अडवू नये, यासाठी आपल्या व्यवस्थेनं शोधलेलं ते कागदी लॉक होतं. कल्पना हुशारीची होती. फक्त किल्ली न्यायला-आणायला ज्याच्याकडं मोटारसायकल आहे त्याला ते परवडायचं, एस.टी.वाल्याला नाही.

मी अकरावी-बारावी तालुक्यातच केली. केमिस्ट्रीचे सर चांगले होते. प्रयोगशाळेत पाणी टँकरनं यायचं, म्हणून ब्युरेट धुताना सर मोजून पाणी द्यायचे. माझं काही बिघडलं नाही. पण पुण्यात इंजिनिअरिंगला आल्यावर पहिल्या वर्षी कुणी “ज्युनिअर कॉलेज कुठलं?” विचारलं की मी “नगरकडं” असं म्हणायचो.

*

या दारावर मधल्या काळात कोर्टातही लढाया झाल्या. महाराष्ट्र बोर्डाची पोरं एका बाजूला, आय.सी.एस.ई. आणि सी.बी.एस.ई.ची दुसऱ्या. प्रत्येक बोर्डाची गुण देण्याची रीत वेगळी, जागा त्याच. २००८ मध्ये राज्यानं पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना ठेवायचा निर्णय आला, तोही टिकला नाही. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ आलं, म्हणजे सहापैकी चांगल्या पाच विषयांचे गुण धरायचे. उच्च न्यायालयानं ते फेटाळलं, सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. माझे ९१ टक्के याच बेस्ट फाइव्हचे. २०२१ मध्ये कोरोनामुळं दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल ९९.९५ टक्के लागला आणि अकरावीसाठी वेगळी सी.ई.टी. घ्यायचं ठरलं. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं तीही रद्द केली.

चारही वेळा खरा प्रश्न मोठ्या शहरांतल्या मोजक्या नामांकित कॉलेजांचा होता. कायद्यानं अकरावीला लागणारी पात्रता साधी आहे: दहावी पास. एक-दोन विषय राहिले असतील तरी ए.टी.के.टी.नं अकरावीत बसता येतं. ९५ टक्क्यांची ‘कटऑफ’ कुठल्याही नियमात लिहिलेली नसते. ती रांगेतून तयार होते. शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचे गुण म्हणजे कटऑफ.

इंग्लंडमध्ये याच वयाच्या वर्गाला सिक्स्थ फॉर्म म्हणतात. माझ्या टीममधल्या लंडनच्या सहकाऱ्याची मुलगी तिथं जाणार होती, तेव्हा त्यानं मला अटी वाचून दाखवल्या. गणित घ्यायचं तर सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत गणितात अमुक श्रेणी हवी, इतिहास घ्यायचा तर इंग्रजीत तमुक. म्हणजे अट विषयावर असते: हा विषय तुला झेपेल का? आपल्याकडं मराठीतले आणि समाजशास्त्रातले गुण मिळून विज्ञानाची जागा ठरते. तिथंही चांगल्या शाळांसाठी मारामारी आहेच. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. इंग्लंडमध्ये २०१५ पासून १८ वर्षांपर्यंत कुठल्या तरी शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंतच आहे, म्हणजे साधारण आठवी. अकरावी आपल्याकडं हक्क नाही.

*

आता परत २०२५. राज्यभर ९ हजारांहून जास्त कनिष्ठ महाविद्यालयं, २० लाखांहून जास्त जागा. दहावीचा निकाल ९४.१० टक्के, पास झालेले साडेचौदा लाखांच्या आसपास. म्हणजे एकूण हिशेबात जागा पोरांपेक्षा कितीतरी जास्त. पोर्टलवर किमान १ आणि जास्तीत जास्त १० पसंती भरायच्या. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागणार, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. मूळ दाखल्याचं लॉक आता सर्व्हरवर गेलं होतं.

मी बहिणीला लेक्चर दिलं. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शेप्ली या दोन गणितज्ञांनी कॉलेज प्रवेशावरच एक छोटा निबंध लिहिला होता. मुलांच्या पसंत्या आणि कॉलेजांची क्रमवारी घेऊन अशी जोडणी करायची की नंतर कुणालाही अदलाबदल करावीशी वाटू नये. याच कामाच्या धाग्यावर २०१२ मध्ये शेप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या पद्धतीचा सुंदर भाग असा की मुलानं आपली खरी पसंती खऱ्या क्रमानं लिहिणं यातच त्याचा फायदा असतो, डावपेच लागत नाहीत. सगळी कॉलेजं एकाच टक्केवारीवर मुलं लावत असतील तर मामला आणखी सोपा. ती नुसती रांग असते, जास्त गुणवाला आधी निवडतो. अडचण येते ती दहाच्या मर्यादेनं आणि पहिल्या पसंतीच्या सक्तीनं. तिथं पोरांना डोकं लढवावं लागतं.

“म्हणून,” मी म्हटलं, “पहिल्या चार पसंती नगरच्या टाक. ८४ आहेत, एखादं लागेल. आष्टी शेवटी. आता तर रेल्वेही आहे.” नगर-आष्टी रेल्वे सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. ६६ किलोमीटर. आमच्या आजोबांच्या हद्दीवरून ती जाते.

ती म्हणाली, “मी आष्टी एक नंबरला टाकणार.”

“अगं, खरी पसंती लिहायची असते. पोर्टलला घाबरायचं नसतं.”

“खरीच लिहितीय. दादा, नगर लागलं आणि पप्पा नाही म्हणले, तर? पहिलं मिळालेलं सोडलं की मी फेऱ्यातून बाहेर. मग दिवाळीपर्यंत मी घरी. आणि दिवाळीला मुकादम येतो.”

मी गप्प बसलो.

काका-काकू दर वर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते. एकटं पोर म्हणजे अर्धा कोयता. घरी बसलेली, शाळा सुटलेली सोळा वर्षांची पोरगी म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणी बोलून दाखवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर १० बायकांमागं ४ हून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

आता माझी एक्सेल शीट बघा. अंतर, फी, निकाल, होस्टेल. ‘घरातून हो म्हणतील का’ हा रकाना त्यात नव्हताच. मी तिची पसंती म्हणजे कॉलेजांची पसंती धरली होती. तिच्यासाठी प्रश्न कॉलेजाचा नव्हताच, तो दोन वर्षांचा होता. दहावी होते सोळाव्या वर्षी, बारावी होते अठराव्या. कोठारी आयोगानं +२ काढलं ते विद्यापीठासाठी पोरं पिकावीत म्हणून. आष्टी तालुक्यात त्या +२ चा दुसराच उपयोग निघाला. कायद्यानं लग्नाचं वय होईपर्यंत मुलीला दारात उभं राहून सांगता येतं: माझी शाळा चालू आहे.

गंमत म्हणजे गेल-शेप्लीच्या हिशेबातही तीच बरोबर होती. खरी पसंती लिहावी, एवढंच ते दोघं म्हणतात. ती कशावरून ठरते, हे त्यांनी विचारलेलं नाही.

तिनं आष्टी पहिल्या नंबरला टाकलं. विज्ञान शाखा. खाली कडा, मग धामणगाव, आणि माझ्या समाधानासाठी सगळ्यात शेवटी नगरचं एक. जूनअखेर पहिली यादी लागली. त्या फेरीत सहा लाखांहून जास्त मुलांना जागा मिळाल्या, त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त जणांना पहिल्याच पसंतीची. ती त्यात होती. राज्यात शेवटी लाखो जागा रिकाम्या राहिल्या. त्या आकड्यावर बातम्या झाल्या. कुठल्या पोरीनं कुठलं कॉलेज का लिहिलं नाही, त्याचा आकडा कुठंच नसतो.

रानड्यांच्या काळात दारावर विद्यापीठ उभं होतं, आजोबांच्या काळात भाषा, माझ्या वेळी मूळ दाखला, आणि आता सर्व्हर. मी आपला सर्व्हरची बाजू घेणारा माणूस. खिडकीतल्या साहेबापेक्षा तो बरा, तो रविवारीही चालू असतो. २०१३ मध्ये तो असता तर वडिलांना त्या एस.टी.त तसं बसावं लागलं नसतं. पण सर्व्हर जे विचारतो तेवढंच त्याला कळतं.

दिवाळीनंतर काका-काकू कारखान्यावर गेले. ती आजीबरोबर घरी आहे. रोज सकाळी आष्टीला कॉलेजला जाते, संध्याकाळी परत. परवा फोनवर केमिस्ट्रीचं काहीतरी विचारत होती. मला येत नव्हतं. मी म्हटलं, “सरांना विचार, ते चांगले आहेत.” मग लक्षात आलं, मी ज्यांच्याकडं शिकलो त्याच सरांबद्दल बोलतोय आणि ते आता रिटायर झाले असतील.

२०२७ च्या जानेवारीत ती अठराची होईल. फेब्रुवारीत बारावीचे पेपर. त्यानंतर पुन्हा एक फॉर्म येईल, पुन्हा पसंत्या. मी या वेळी शीट आधी तिला करायला सांगणार आहे. रकाने तिचे तिनं पाडावेत.

आणि कुणी विचारलंच, तर मी अकरावी-बारावी आष्टी तालुक्यात केली.